सातवा क्रमांक: चूक

मुलांनो, एका जंगलात दरवर्षी एक नाच होत असे. जंगल कुठले ते विचारू नका. मला नकाशा नीट वाचता येत नाही.

नाच असा. नदीकाठच्या मोकळ्या जागेत प्राणी दोन रांगा करून समोरासमोर उभे राहत. सुतारपक्षी खोडावर ताल धरी; त्याचा एक ठोका म्हणजे एक टाळी. समोर जो असेल त्याचा हात धरायचा, त्याच्याबरोबर एक फेरी घ्यायची आणि आठ टाळ्या झाल्या की हात सोडायचा. मग एक जागा पुढे सरकायचे. तिथे समोर दुसरा कोणीतरी. आपली रांग संपली की वळून दुसऱ्या रांगेत शिरायचे. असे करत संध्याकाळभरात प्रत्येकाने प्रत्येकाचा हात धरलेला असे.

प्राण्यांना हात नसतात, असे तुमच्या पुस्तकात असेल. पुस्तक बरोबरच आहे. पण गोष्ट संपेपर्यंत ते मिटून ठेवा.

नाचाच्या दिवशी कोणी कोणाला खायचे नाही, असा नियम होता. दुसऱ्या दिवसाबद्दल नियमात काही म्हटलेले नव्हते.

आता, पुढे काय करायचे हे पायांना आयत्या वेळी आठवत नाही. म्हणून एक जण उंचवट्यावर उभा राहून हाक देई. ‘हात धरा!’ ‘फिरा!’ ‘सोडा!’ ‘पुढे सरका!’ हाक पाऊल पडण्याच्या एक टाळी आधी द्यायची. उशिरा दिली तर धक्के बसतात. लवकर दिली तर पाय गोंधळतात. आणि पायांना नाच एकदा समजला की हाक देणाऱ्याने गप्प बसायचे. हे शेवटचे काम सगळ्यांत अवघड.

कुठल्या नाचामागून कुठला घ्यायचा, हेही त्यानेच ठरवायचे. आधी सोपे. मग गिरक्यांचे. पण गिरक्यांचे दोन लागोपाठ नकोत, कारण अस्वलमावशींना घेरी येते. शेवटी एक संथ, म्हणजे घरी जाताना कोणाला धाप लागत नाही.

पुष्कळ वर्षे हे काम मोठ्या चोचीच्या धनेशआजोबांनी केले. सुतारपक्ष्याच्या मानेकडे बघून ते ताल ओळखत, कारण त्यांना दोन्ही कानांनी ऐकू येत नसे. तेवढा एक दोष सोडला तर हाक देणारा उत्तम, असे सगळे म्हणत. त्या उन्हाळ्यात ते वारले.

नृत्य मंडळाची बैठक झाली. मंडळाचे अध्यक्ष कोल्होबा होते. त्यांनी भारद्वाज गुरुजींचे नाव सुचवले. गुरुजी म्हातारे होते, फार शिकलेले होते. जंगलातल्या सर्व नाचांचा त्यांनी अभ्यास केला होता. स्वतः कधी नाचले नव्हते. हाकही दिली नव्हती. पण आवाज खोल होता, आणि भारद्वाज पक्षी दिसणे शुभ असते असे सगळे मानतात.

“मला जमेल का?” गुरुजींनी विचारले.

“तुम्हाला दोन्ही कानांनी ऐकू येते ना?” कोल्होबा म्हणाले. “मग झाले तर.”

गुरुजी झुडपात जाऊन बसले आणि काळजी करू लागले.

पहिली त्यांच्याकडे आली साळूबाई. ही साळिंदर. नदीच्या वळणावर एकटीच राहायची. ती चार हात लांब उभी राहिली. सवय होती तिला.

“गुरुजी, यंदा नाच आहे ना?”

“आहे. तुमची काही विनंती?”

“तीच. होऊ दे एवढंच.” मग ती म्हणाली, “काय आहे, वर्षभर मला कोणी हात देत नाही. पाठीकडे बघतात आणि लांबूनच नमस्कार करतात. नाचात मात्र द्यावाच लागतो. आठ टाळ्यांपुरता का होईना. गेल्या वर्षी एकवीस जणांनी दिला. त्यावर मी पावसाळा काढला, थंडीसुद्धा काढली. आता संपत आलंय.”

साळिंदराचे काटे पाठीवर असतात. तळहात मऊ असतात. पण ही माहिती मिळवायची तर जवळ जावे लागते.

“तुम्हाला हात मिळतील,” गुरुजी म्हणाले. “माझा शब्द आहे.”

शब्द दिल्याबरोबर त्यांना वाटले की जरा घाई झाली.

दुसऱ्या दिवशी ससेभाऊ आला.

“गुरुजी, मला कोल्होबांच्या समोर आणू नका.”

“का बरे?”

“आमच्या घरचे तिघे त्यांच्याकडे जेवायला गेले होते.”

“मग?”

“जेवायला गेले होते. पुढचं मला माहीत नाही.”

विनंती रास्त होती. गुरुजींनी ती सागाच्या पानावर लिहून घेतली. आणि मुलांनो, इथेच घोटाळा झाला असे मला वाटते. एक विनंती रास्त निघाली की दुसरीला नाही म्हणायला तोंड राहत नाही.

अस्वलमावशी आल्या. “त्या नीलगाईबाई माझ्यासमोर नकोत हं. पाडसाचं कौतुक सुरू करतात. आठ टाळ्यांत त्याचे दोन दात येऊन पडतात.”

डुक्करराव आले. अंगावर चिखल वाळत होता. “माकडीणबाई नकोत. हात धुऊन येतात. मला ओलसर लागतं.”

माकडीण आली. “डुक्कररावांबद्दल मी काही बोलणार नाही. तुम्हाला नाक आहे ना?”

शेवटी कोल्होबा स्वतः आले. “गुरुजी, माझी वैयक्तिक तक्रार कोणाबद्दलच नाही. पण लोक म्हणतात की ससेभाऊ माझ्याकडे विचित्र नजरेने बघतो.”

“कोण लोक?”

“आता प्रत्येकाचं नाव कशाला घ्यायचं!”

आणि गंमत म्हणजे, प्रत्येक जण आपली विनंती सांगून निघे, चार पावले जाई आणि परत वळे.

“आणि हो, ती साळूबाई. बाई चांगली आहे हो. पण...”

एकवीस जण आले. एकवीस पानांवर शेवटची ओळ एकच होती.

गुरुजी वाळूवर गोटे मांडून बसले. एक गोटा म्हणजे एक प्राणी. हा गोटा पुढे सरकवला की तो गोटा नाराज. तो मागे घेतला की तिसरा नाराज. सहा दिवस त्यांनी धड किडे टिपले नाहीत. त्यांची बायको म्हणाली, “अहो, एखाद्याला नाही म्हणून बघा ना.” गुरुजी म्हणाले, “कोणाला? सगळ्यांचं म्हणणं पटण्यासारखं आहे.”

सातव्या दिवशी त्यांना उत्तर सापडले. इतके सोपे होते की त्यांनी ते तीनदा तपासले.

गोटे हलवायचेच नाहीत.

मोकळ्या जागेच्या दोन्ही बाजूंना झाडे होती. दोन रांगांनी एकमेकांकडे पाठ करून उभे राहायचे. प्रत्येकासमोर एकेक झाड. टाळी द्यायची ती झाडाला. फेरी घ्यायची ती झाडाभोवती. झाड कोणाचा भाऊ खात नाही, पाडसाचे कौतुक सांगत नाही, हात धुऊन येत नाही. एकवीसच्या एकवीस विनंत्या पाळल्या गेल्या.

बाविसावी राहिली. गुरुजींना वाईट वाटले. म्हणून साळूबाईसमोर त्यांनी मुद्दाम अर्जुनाचे झाड ठेवले. त्याची साल सगळ्यांत गुळगुळीत असते.

नाचाचा दिवस आला. ऊन उतरल्यावर सगळे जमले. गुरुजी उंचवट्यावर चढले. आवाज चांगला लागला.

“आपापल्या झाडाला टाळी!”

“आपल्या झाडाभोवती फेरी!”

“आपल्या जागेवर या!”

कोणाला धक्का लागला नाही. कोणाचा पाय कोणाच्या पायावर पडला नाही. पहिला नाच संपला तेव्हा कोल्होबा रुमालाने कपाळ पुसत म्हणाले, “वा! किती शिस्त! धनेशआजोबांच्या वेळी नुसती झोंबाझोंबी असायची.”

“मला तर घेरीसुद्धा आली नाही,” अस्वलमावशी म्हणाल्या. त्या किंचित हिरमुसल्यासारख्या दिसल्या. पण तो भास असेल.

गुरुजींचे लक्ष साळूबाईकडे होते.

ती सगळ्या हाका नीट पाळत होती. फक्त हाक येण्याच्या आधी एक टाळी, जिथे जुन्या नाचात हात धरायचे, तिथे तिचा हात आपोआप पुढे जाई. क्षणभर हवेत थांबे. मग ती तो अर्जुनाच्या बुंध्याला टेकवी, जणू तिला तेच करायचे होते.

दुसऱ्या नाचात तसेच. तिसऱ्यात तसेच. चौथ्यात, पाचव्यात तसेच. गुरुजी मनात म्हणत, आता तक्रार करील, मग मी माफी मागेन. तिने तक्रार केली नाही.

सहाव्या नाचात तिचा हात पुढे आलाच नाही. ती नवा नाच शिकली होती.

सातवा नाच सुरू झाला. गुरुजींनी हाकांचे पान बघितले. पानावर लिहिले होते, ‘आपापल्या झाडाला टाळी.’ त्यांनी चोच उघडली. सुतारपक्ष्याने ठोका दिला.

“मागे वळा!”

पाय वळले. पायांनी कोणाकडे विनंती केलेली नव्हती. डोकी ‘हे काय?’ म्हणेपर्यंत दोन रांगा समोरासमोर आल्या होत्या.

“हात धरा!”

पुष्कळ वर्षांची सवय. हात धरले गेले.

ससेभाऊसमोर नेमके कोल्होबा आले. दोघांनी डोळे घट्ट मिटले आणि फेरी घेतली. आठ टाळ्या झाल्यावर ससेभाऊने हात सोडवून आधी आपले कान चाचपले. दोन्ही होते.

“पाडसाला बरं आहे का?” अस्वलमावशींनी विचारले आणि जीभ चावली. उत्तर संपायच्या आत जागा सरकली. मावशी जाता जाता मान मागे वळवून विचारत राहिल्या, “मग? मग काय म्हणाला तो?”

साळूबाईसमोर डुक्करराव आले होते. त्यांनी आधी पाठीकडे पाहिले, मग आभाळाकडे, मग निरुपाय म्हणून हात पुढे केला.

“अरेच्चा!” ते मोठ्याने म्हणाले. “मऊ आहे की!”

साळूबाईने फेरी घेतली. आठ टाळ्या झाल्या. हात सोडायचे डुक्कररावच विसरले.

“सोडा हो! पुढे सरका! मागे रांग खोळंबलीये!” माकडीण ओरडली.

एवढ्यात गुरुजींच्या लक्षात आले की आपण केव्हापासून हाक दिलेलीच नाही. त्यांनी चोच मिटून घेतली. ते अवघड होते, पण ती मिटली. नाच सुरूच राहिला. संथ नाचापर्यंत ते पोचलेच नाहीत. सगळे धापा टाकत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाची तातडीची बैठक बसली.

“एकवीस जणांचा विश्वासघात झालेला आहे,” कोल्होबा म्हणाले. “खुलासा द्या.”

गुरुजींनी खुलासा तयार केला होता. त्यात तीन मुद्दे होते आणि दुसऱ्याला चार पोटमुद्दे. त्यांनी समोर बसलेल्यांकडे पाहिले. त्यांचा धीर सुटला.

“चूक झाली,” ते म्हणाले.

“चूक?”

“हो. पान उलटं धरलं होतं.”

सभेला एकदम हायसे वाटले. “अहो, मग हे आधी नाही का सांगायचं!” डुक्करराव म्हणाले. “आम्हाला वाटलं, मुद्दाम केलंत.”

“मुद्दाम केलं असतं तर फार गंभीर होतं,” कोल्होबा म्हणाले. “चूक काय, कोणाच्याही हातून होते.” ठराव झाला. गुरुजींना माफ करण्यात आले.

वर्ष गेले. पुढच्या नाचाला पंधरा दिवस होते. झुडपापाशी अस्वलमावशी आल्या. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, “गुरुजी, यंदा ती चूक साधारण किती वाजता आहे? त्याप्रमाणे पाणी पिऊन येते.”

ससेभाऊ आला. “माझं काही नाही. पण व्हायचीच असेल तर आधी कळू दे. कान बांधून येईन.”

डुक्करराव आले. “जरा लवकर करा हो या वेळी. गेल्या खेपेला सहा नाच फुकट गेले.”

अखेर मंडळानेच कार्यक्रमपत्रिका ठरवली आणि ती वडाला लावली. पहिल्या सहा ओळींत आपापल्या झाडाबरोबरचे नाच होते, शिस्तीत. पुढची ओळ अशी होती, ‘सातवा क्रमांक: चूक.’ खाली बारीक अक्षरात टीप होती, ‘ही चूक हाक देणाऱ्याने अनवधानाने करावयाची आहे.’

गुरुजी ती टीप वाचत उभे होते. कसे जमवावे, या काळजीत होते. मागून कोणीतरी आले. या वेळी चार हात लांब नाही. अगदी शेजारी.

“गुरुजी, जरा बोलायचं होतं,” साळूबाई म्हणाली. “विनंती आहे.”

“बोला, बोला ना.”

“त्या सातव्या क्रमांकात मला डुक्कररावांसमोर ठेवू नका. हात चिखलाचा असतो, आणि धरला की सोडत नाहीत. आणि माकडीणबाई पण नकोत. येता-जाता सारखं ‘मऊ आहे, मऊ आहे.’ मी काय गादी आहे?”

गुरुजींनी तिच्याकडे पाहिले. उभ्या आयुष्यात तिला कोणाबद्दल तक्रार करायची वेळ आली नव्हती. त्यासाठी आधी कोणीतरी समोर यावे लागते.

त्यांनी सागाचे पान घेतले. दोन्ही नावे सुवाच्य अक्षरात लिहून घेतली.

“आणखी कोणी?” त्यांनी आशेने विचारले.

“आहेत ना,” साळूबाई रुबाबात म्हणाली. “यादी मोठी आहे. नीट आठवून उद्या सांगते.”

तात्पर्य असे, मुलांनो: प्रत्येकाचे म्हणणे आदराने ऐकावे, लिहून घ्यावे, आणि सगळी व्यवस्था इतकी काळजीपूर्वक करावी की आनंदाला शिरायला फट राहू नये. एवढे करूनही कोणाला आनंद झालाच, तर आपल्याला सुचले होते असे चुकूनही सांगू नये. चूक झाली म्हणावे. चुकीला माफी मिळते.