शिलाई मशीनचं काळं बिल

थोर गुप्तहेरांची यादी कोणी केलीच, तर तीत दुर्बीणरावांचं नाव सापडणार नाही. कारण खरा थोर गुप्तहेर यादीत सापडतच नाही. हे मत खुद्द दुर्बीणरावांचं. नजर घारीची, कान सशाचे, बुद्धी वस्तऱ्याची, असं ते स्वतःचं वर्णन करत. नाक कोणाचं ते सांगत नसत, पण ते सतत कुठेतरी खुपसलेलं असे. दिवसभर ते एका गोदामात खोक्यांवर शिक्के मारत. तो म्हणे वेषांतराचा भाग होता.

त्या रविवारी दुपारी बायकोच्या शिलाई मशीनची मोटर जळाली. शाळेच्या नाटकाचे पोशाख सोमवारी सकाळी द्यायचे होते. नाही दिले, तर शाळेचं काम कायमचं समोरच्या टेलरकडे जाणार होतं. मशीनचा दुकानदार फोनवर म्हणाला, "वॉरंटी आहे ना? बिल आणा, लगेच मोटर बदलून देतो."

"बिल," दुर्बीणराव खुर्चीत रेलले. "लोक नेहमी विचारतात, बिल म्हणजे नक्की काय? दुकानाचं बिल म्हणजे पुरावा. विजेचं बिल म्हणजे शिक्षा. सभागृहात मांडतात ते बिल म्हणजे आश्वासन. आणि कच्चं बिल..."

"अहो, मशीनचं बिल," बायको म्हणाली. "तुम्हीच जपून ठेवलंय."

ते जपण्यात वाघ होते. घरात लॅमिनेशनचं यंत्र होतं आणि हाताला लागेल तो कागद ते त्यात सारत. बायकोनं रागानं लिहिलेली चिठ्ठीसुद्धा त्यांनी प्लास्टिकमध्ये अमर केली होती. कागद बाहेर आला की न बघता फायलीत.

फाईल उघडली. बिलाच्या जागी प्लास्टिकमध्ये बंद एक कागद होता, कोळशासारखा काळा.

"विषप्रयोग," दुर्बीणराव पुटपुटले.

"कागदावर?" बटणं लावायला आलेल्या मेहुणीनं विचारलं.

"मग शाईहल्ला. यामागे कोणाचा तरी हात आहे."

"भाऊजी, प्लास्टिकच्या आत शाई गेली कशी?"

"तेच तर कसब आहे गुन्हेगाराचं."

आधी संशय दूधवाल्यावर गेला, कारण तो फार हसतो. मग शेजारच्या काकूंवर, कारण त्या हसतच नाहीत. शेवटी समोरच्या टेलरवर. दुर्बीणराव काळा चष्मा लावून त्याच्या दुकानात गेले आणि दोऱ्याचं एक रीळ आणि त्याचं छापील बिल घेऊन आले.

"त्यानं ओळखलं का तुम्हाला?" बायकोनं विचारलं.

"छे. 'या दुर्बीणराव' म्हणाला, पण सहज." त्यांनी रिळाचं बिल नाचवलं. "दोरा काळा. आपलं बिल काळं. दुवा जुळला. हा पुरावा आधी जतन करू."

यंत्र तापलं. रिळाचं बिल एका बाजूनं पांढरंशुभ्र आत गेलं. दुसऱ्या बाजूनं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत काळंकुट्ट बाहेर आलं.

दुर्बीणरावांनी वाकून यंत्राच्या फटीत पाहिलं. मग ते हळूच म्हणाले, "टेलर आपल्या यंत्रात लपलाय."

"भाऊजी, या गुळगुळीत कागदाला शाई लागतच नाही," मेहुणी म्हणाली. "तापवलं की तो काळा होतो, तशीच अक्षरं उमटतात. तुम्ही अख्खा कागद तापवलात. गुन्हेगार सापडला, हातकड्या कोणी घालायच्या ते तुम्हीच ठरवा."

बायकोनं दुकानात पुन्हा फोन लावला. दुकानदार भला माणूस होता. "बिल गेलं तर जाऊ दे, ताई. खरेदीच्या वेळी दिलेला मोबाइल नंबर सांगा, नवीन काढून देतो."

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं छताकडे.

"कुठला नंबर दिला होतात?"

"गुप्तहेर आपला खरा नंबर देत नाही," दुर्बीणराव म्हणाले. "मनाला येईल तो दिला."

"आठवतोय?"

"आठवला असता, तर तो गुप्त कसला?"

बायकोनं शांतपणे फोन ठेवला. मशीनवरचा मोटरचा पट्टा सोडवला, राजाचा अर्धा अंगरखा सुईखाली सरकवला आणि हातानं फिरवायच्या चाकाशेजारी एक स्टूल ओढलं.

"यामागे कोणाचा तरी हात आहे म्हणत होतात ना?"

"हो."

"तो या चाकावर ठेवा. आणि सगळे पोशाख होईपर्यंत उचलू नका."