जरा पंच म्हनून या

आमच्या मजल्यावर कुकरची शिटी उडाली तरी पंचनामा होतो. तो करतात शेजारचे काशीभाऊ. दारावर दोन टिचक्या वाजतात आणि पाठोपाठ आवाज येतो, "वहिनी, जरा पंच म्हनून या."

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉल चालू असताना आजी मधेच उठून कुठे गेली, असं तुम्ही विचारलंत. पंच म्हणून गेले होते. काशीभाऊंचा नारळ नासका निघाला होता.

पंच म्हणजे काय हे तुम्हाला तिकडे कोण सांगणार? आपल्याकडे काही मोडलं, जळलं, बुडालं किंवा मेलं, की सरकारी माणूस येतो, जे दिसतं ते लिहून घेतो आणि शेजारच्या दोघांना साक्षीला उभं करतो. ते दोघे पंच आणि ते लिखाण म्हणजे पंचनामा. काशीभाऊ तलाठी होते. पालघरकडच्या गावांमध्ये आडवी झालेली भातं, उडालेले पत्रे आणि वीज पडून मेलेली गुरं यांचे पंचनामे करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त होऊन ते इथे जूचंद्रला, आपल्या गावी परत आले. आमची इमारत उभी आहे ते त्यांच्या वडिलांचं शेत, त्या बदल्यात त्यांना हा फ्लॅट मिळाला. पंचनामे ते आता लिहीत नाहीत, नुसते बोलतात.

"सदर नारळ ओट्यावर फुटलेल्या स्थितीत. पूर्वेस मिक्सर, पश्चिमेस पान्याचा माठ, दक्षिणेस शेगडी. आतून काळा. वहिनी, काळाच ना?"

"काळाच आहे हो."

"पंचांनी पाहिला." मग कुठे नारळ कचऱ्याच्या डब्यात जातो.

ऑफिसातले कडक शब्द आणि गावचा 'न' अशी त्यांची भाषा आहे. 'पाणी' त्यांच्या तोंडी कधी आलं नाही, 'पानी'च आलं.

खरं तर पंच दोन लागतात. दुसरे पंच तुमचे आजोबा. पण टिचक्या ऐकू आल्या की तुमचे आजोबा डोळे मिटतात. पेपर छातीवर येतो आणि घोरणं ताबडतोब सुरू होतं. इतक्या वर्षांच्या संसारात एवढी चपळाई त्यांनी दुसऱ्या कशात दाखवलेली नाही. मग पोळीचं पीठ तसंच झाकून मी एकटी जाते. एका पंचावर भागवा म्हटलं की काशीभाऊ भागवतात, पण नाराजीनं. "दोन पाहिजेत, वहिनी. एकट्यानं पाहिलेलं कोनी धरत नाही."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की ते मला ऐकू येईनासं झालं होतं.

गेल्या मे महिन्यात समोरच्या गौरीनं मला गाठलं. गौरी आणि सागर दोघं नोकरीवाले, सकाळी जातात ते दिवेलागणीला येतात. त्यांची इरा तुमच्याएवढी. सगळी सुट्टी न्यूझीलंडला सागरच्या भावाकडे जायचं ठरलेलं, आणि इराकडे दोन चिंचिला. खार, ससा आणि उंदीर यांनी भांडण मिटवून तह केला तर जो प्राणी तयार होईल, तो चिंचिला. एकाचं नाव लाडू, दुसऱ्याचं चकली. मूळ थंड डोंगरांतला हा प्राणी, अंगावर लोकरीची गादी घेऊन जन्मतो आणि जरा उकडलं की आडवा होतो. त्याला एसी लागतो, तोही दिवसभर. गौरीनं पाळीव प्राणी ठेवून घेण्याची एक जागा पाहिली होती. तिथे शेजारच्या पिंजऱ्यात कुत्रे भुंकत होते. भुंकण्यानंसुद्धा ही दोघं घाबरून मरू शकतात म्हणे.

"काकू, तुमच्याकडे ठेवू?" गौरीनं विचारलं. मी नुसता आमच्या पंख्याकडे हात केला. आजोबांच्या गुडघ्यांना एसी चालत नाही, म्हणून आमच्याकडे तो नाहीच.

"काशीभाऊंकडे आहे," मी म्हटलं, आणि म्हटल्यावर वाटलं, उगाच बोलले. तो एसी त्यांच्या बायकोच्या, सुमनच्या आजारपणात आतल्या खोलीत बसवला होता. सुमन गेली, त्यावर जुन्या साडीचं कव्हर चढलं आणि खोलीचं दार लागलं. मुलगा पुण्याला असतो, सणाला येतो. तोही बाहेरच्या खोलीत झोपतो.

काशीभाऊंनी गौरीचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वहिनी, जरा पंच म्हनून या."

कव्हर काढण्याचा पंचनामा झाला. साडीचा रंग, नाडीची गाठ, सगळं बोलून झालं, पण त्यांचा हात काही गाठीला लागेना. शेवटी गाठ मी सोडली. मग पिंजरा आला. चतुःसीमा ठरल्या. पूर्वेस खिडकी, उत्तरेस सुमनचं कपाट. "सदर प्राणी दोन, चालू स्थितीत," काशीभाऊ म्हणाले, आणि इरा इतकी हसली की रडायची विसरली.

इरानं त्यांना सूचना दिल्या. पाण्यानं आंघोळ नाही. वाडग्यात खास बारीक धूळ द्यायची, त्यात ते लोळतात, तीच आंघोळ. आणि गवत फक्त टिमोथी.

"टिमोथी," काशीभाऊंनी मान डोलावली.

त्यानंतर माझ्या सुट्टीचं काय झालं ते विचारू नका. लाडूनं पलंगाचा पाय कुरतडला, या पंच म्हनून. चकली धुळीत लोळली, या. चकली लोळली नाही, तरी या. तुमचे आजोबा त्या महिन्यात इतके झोपले की त्यांना रात्री झोप येईना. माझं लोणचं राहिलं, पापड राहिले, कपाट आवरायचं राहिलं. दमले मी.

मग एके दिवशी काशीभाऊ सकाळपासून गायब. चिंचिलांवर लक्ष ठेवायला मला किल्ली देऊन, एक गोणपाट काखेत मारून ते गेले होते. उन्हं कलल्यावर घामानं थबथबून परतले. गोणपाट रिकामं आणि हातात राजेळी केळ्यांची फणी.

"कुठे गेला होता, भाऊ?"

"वटारला."

"एवढ्या उन्हात? कशाला?"

"गवत संपत आलं ना. टिमोथीला शोधायला."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मी तिथेच पायरीवर बसले. टिमोथी म्हणजे वटारचा कोणी ख्रिस्ती बागायतदार आणि त्याच्या वाडीतलं खास गवत, अशी काशीभाऊंची समजूत झाली होती. तिकडे या नावाची माणसं असतात, मग शंका तरी का यावी? दोन बसा बदलून पश्चिमेला समुद्राकडे जाऊन ते वाडी-वाडीत विचारत फिरले होते.

"सदर टिमोथी मिळून आला नाही," ते म्हणाले. "एका म्हातारीचा नातू हाय त्या नावाचा, पन तो कुवेतला. ती म्हनाली, तो कसला गवत कापतोय, त्यानं कधी चहाचा कप उचलला नाही. केळी दिली बिचारीनं."

टिमोथी हे गवताचंच नाव आहे, माणसाचं नाही, हे मी त्यांना समजावून सांगितलं आणि फोनवरून दोन पाकिटं मागवली. काशीभाऊंनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "गवताला मानसाचं नाव देतात आनि जनावराला म्हनतात चकली," ते म्हणाले. मग आम्ही केळी खाल्ली. केळ्यांचा पंचनामा झाला नाही.

आणि मग ती दुपार. तुमचे आजोबा डोळे तपासायला बोरिवलीला गेले होते. नाक्यावरच्या ट्रान्सफॉर्मरचा धडाका झाला आणि वीज गेली. मिठागराकडून येणारा वारासुद्धा बंद. दारावर टिचक्या नाहीत, हाताचा पंजा आपटल्याचा आवाज आला.

"वहिनी, या."

पंच म्हणून या, असं ते म्हणाले नाहीत. त्यामुळेच मी चपला न घालता धावले.

एसी बंद होता. चकली कोपऱ्यात फरशीच्या तुकड्यावर पसरली होती. लाडू कुशीवर पडला होता. कान लालबुंद, पोट भराभर हलत होतं.

"पानी मारू का?"

"नको, नको! ओले झाले तर फर सुकत नाही, आजारी पडतील. गौरीनं बजावलंय."

आमचा फ्रीजर मी रिकामा केला. मटार, खोबऱ्याचा डबा, कोकम सरबताची गोठलेली बाटली, सगळं तुमच्या आजोबांच्या धुतलेल्या बनियनांत गुंडाळून पिंजऱ्याभोवती लावलं. काशीभाऊ पुठ्ठ्यानं वारा घालत होते आणि सवयीनं पुटपुटत होते, "पूर्वेस मटार, पश्चिमेस खोबरं..." एकदम थांबले.

"वहिनी, पंचनामा मेल्यावर करतात. जन्मभर मी तेच केलं. जिवंत असताना कोनी तलाठ्याला बोलावत नाही."

मी दुसरा पुठ्ठा घेतला.

"सुमनची वाचा गेली होती ना. वर्षभर शब्द नाही. शेवटच्या दुपारी बोलली. इथे, याच पलंगावर. म्हनाली, अहो, एसी बंद करा, थंडी वाजते. स्पष्ट बोलली. मी बंद केला. खोलीत मी एकटाच." पुठ्ठा हलत राहिला. "मुलगा म्हनतो, बाबा, भास झाला असंल. डॉक्टर पन तेच म्हनाले."

मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "एकट्यानं पाहिलेलं कोनी धरत नाही."

किती वेळ गेला कोण जाणे. माझा खांदा भरून आला. कोकम वितळून बनियन लाल झालं. मग एसीनं टीं केलं आणि खोलीत गार झुळूक आली. तरी लाडू हलेना. काशीभाऊंचा पुठ्ठा थांबला नाही. बऱ्याच वेळानं लाडूनं एक कान हलवला. मग मान. मग उठून, जणू काही झालंच नाही अशा थाटात, तो वाडग्यात शिरला आणि धुळीत लोळू लागला. आमच्या दोघांच्या तोंडावर धूळ उडाली.

"वहिनी, उठला ना?"

"उठला."

"भास नाही?"

"नाही, भाऊ. मी पाहिलं."

त्यांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. धूळच पुसत असावेत.

शाळा सुरू व्हायच्या आधी गौरीची मंडळी परतली. काशीभाऊंनी सर्वांसमक्ष पिंजरा सुपूर्त केला. "प्राणी दोन, चालू स्थितीत. पलंगाचा पाय एक, कुरतडलेल्या स्थितीत. भरपाई नको." इरा त्यांच्या कमरेला बिलगली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नुकती आडवी झाले होते. टिचक्या वाजल्या. पलीकडे पेपर छातीवर आला, घोरणं सुरू झालं.

"वहिनी, जरा पंच म्हनून या."

"आता काय झालं, भाऊ? प्राणी तर गेले."

काशीभाऊ दारात उभे होते. त्यांच्या मागे आतल्या खोलीचं दार उघडं होतं. एसीवर कव्हर नव्हतं, ते घडी करून पलंगावर ठेवलं होतं.

"चहा," ते म्हणाले. "सदर चहा आज जास्त टाकला गेलाय. चुकून."

मी त्यांना थांबायला सांगितलं, घरात परत आले आणि तुमच्या आजोबांच्या छातीवरचा पेपर उचलला.

"उठा," मी म्हटलं. "पंच दोन लागतात."