सही जुळत नाही

"तुमच्या वडिलांची सही जुळत नाही," म्हणत हेडक्लार्कनी पत्र टेबलावरून परत सरकवलं.

लेक पत्राकडे पाहत राहिली. जाण्याआधी नऊ दिवस, सलाईनचा हात सांभाळत, बाबांनी तिच्या डोळ्यांदेखत ती सही केली होती. त्यांच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या डीप फ्रीझरमधली चारशे संयुगं मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरीणबाईंना द्यावीत, एवढंच पत्रात होतं. एकोणीस वर्षांचं काम. त्यातलं एक संयुग न भरणाऱ्या जखमांमधले जंतू मारतं, असं नुकतंच दिसू लागलं होतं. आणि खोली दुसऱ्या विभागाला दिल्यामुळे फ्रीझर आज पाच वाजता बंद होणार होता.

"माझ्यासमोर केलीय त्यांनी."

"असेल हो. रेकॉर्डशी जुळायला नको?" त्यांनी अकरा वर्षांच्या मागणीपत्रांची फाईल उघडली. प्रत्येक कागदावर गोलगरगरीत सही, खाली दोन टिंबं. पत्रावर मात्र कोंबडीने पाय ओढल्यासारखी रेघ.

"आजारी माणसाची सही आहे ती!"

"आवाज चढवू नका. विभागप्रमुखांकडून खरी असल्याचं लिहून आणा."

"कोण आहेत विभागप्रमुख?"

हेडक्लार्कनी पत्रावर बोट ठेवलं. "हेच."

"ते वारलेत!"

"तेच तर! कार्यभार न सोपवताच गेले. त्यांनी सोपवल्याशिवाय नवे नेमता येत नाहीत. तीन स्मरणपत्रं पाठवली, एकालाही उत्तर नाही."

"मग चौथं स्मशानात पाठवा!"

तेवढ्यात दार ढकलून डॉक्टरीणबाई आत आल्या. संयुगं न्यायला कोरडा बर्फ भरलेला डबा घेऊन त्या दोन तास बाहेर उभ्या होत्या. "अगं, निम्मा बर्फ हवेत उडाला माझा! यांचं झालं की नाही?" असं म्हणत त्यांनी डबा टेबलावर आदळला. झाकण निघालं आणि पांढऱ्या वाफेचे लोट फायलींवर पसरले.

"आग! आग!" दारातला शिपाई ओरडला. त्याने भिंतीवरचं अग्निशामक उपसलं आणि कोणी काही म्हणायच्या आत हेडक्लार्क, फाईल आणि डॉक्टरीणबाई यांना पावडरीने न्हाऊ घातलं.

आरडाओरडा ऐकून बाबांच्या प्रयोगशाळेतले जुने मदतनीस धावत आले. काचेची भांडी धुण्यात हयात गेलेली, म्हणून सगळे त्यांना बाटलीकाका म्हणत. त्यांनी बाहीने फाईल पुसली आणि एकदम ओशाळले.

"ताई, या सह्या माझ्या आहेत."

"काय?" हेडक्लार्क किंचाळले.

"सर प्रयोग सोडून उठायचे का कधी? म्हणायचे, तूच कर रे, मला त्रास देऊ नकोस." मग त्यांनी पत्र उचललं. "ही सरांची. ही खरी."

लेकीने विजयाने हेडक्लार्ककडे पाहिलं. ते मात्र घामाघूम झाले होते. अकरा वर्षांच्या मागणीपत्रांवर त्यांचाही शेरा होता, 'सही पडताळली'. पाच वाजायला वीस मिनिटं उरली होती. त्यांनी चष्म्यावरची पावडर पुसली, एक कोरा कागद घेतला आणि बाटलीकाकांसमोर पेन ठेवलं.

"पत्र उतरवून घ्या. खाली नेहमीसारखी करा."

लेकीने संतापून घड्याळाकडे पाहिलं, बाबांचं पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाली, "करा काका."

हेडक्लार्कनी नवा कागद उजेडात धरला, दोन्ही टिंबं ताडून पाहिली आणि शिक्का मारला.

"बघा," ते फणकाऱ्याने म्हणाले, "सकाळीच खरी सही आणली असती, तर एवढा तमाशा झाला असता का?"