नानांची बारीक तार

आमचे धाकटे दीर नाना कोणाच्याही घरी गेले की आधी माणसांची विचारपूस करत नसत, भिंतीची करत. विजेच्या तारा झाकणारी लाकडी पट्टी भिंतीवर दिसली की तिच्यावर पालथा हात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसं बघून सांगायचे, "इले ताप शे." झालं! घरची मंडळी चहा टाकायचं विसरून त्या पट्टीकडे बघत बसायची.

तेव्हा नंदुरबारात वीज नवी होती आणि नाना वायरमन होते. त्यांच्या लेखी जगात तारा दोनच. तीन-बावीस म्हणजे बारीक, दिव्यांपुरती. सात-बावीस म्हणजे जाड, मोटर-चक्कीचं ओझं सोसणारी. माणसांनाही ते ह्याच मापात बसवत. आमचे हे, म्हणजे त्यांचे सख्खे थोरले भाऊ, तीन-बावीस. त्यांना दोन कामं एकदम सांगायची नाहीत. आणि मी? "वहिनी सात-बावीस शे, पन फूज बारीक." हे कौतुक की टोमणा, ते मला अजून उमगलेलं नाही.

फ्यूज हा नानांचा जीव की प्राण. ओझं जास्त झालं की ही एवढीशी तार आधी वितळते, प्रवाह तुटतो आणि बाकीच्या तारा वाचतात, हे मला त्यांनी इतक्यांदा सांगितलंय की मीसुद्धा वायरमन झाले असते. पण म्हणून ती किती बारीक घालावी? आमच्या घरात दिवा नि पंखा एकदम लावला की अंधार. इकडे माझं तेल तापलेलं, हातात लाटलेली पुरी, आणि बाहेरच्या ओट्यावरून नानांचा खुशीतला आवाज, "उडना ना? म्हंजे घर वाचनं."

शेजारच्या लग्नात तर ऐन मंगलाष्टकात मांडव अंधारला. नवरीने हार मामाच्या गळ्यात घातला म्हणतात. मी काही पाहिलं नाही, दिसतच नव्हतं. नवरीच्या बापाने चिडून फ्यूजमध्ये तांब्याची जाड तार घातली. दिवे लागले, पण नाना न जेवता उठले. जाड तार म्हणजे फ्यूज कधी वितळणारच नाही, वितळेल ते घर, असं त्यांचं म्हणणं. त्या माणसाशी नाना पुढे बोललेच नाहीत.

नानांची बायको लवकर गेली. लेक एकच, सुमी. ती माझ्याच हाताखाली वाढली आणि शहाद्याजवळ कळसाडीला दिली. घर तालेवार. व्याह्यांचं स्वतःचं कापसाचं जिनिंग, त्याच्या इंजिनावर डायनामो आणि त्यातून घरात वीज. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, लेकी माहेरी येतात, म्हणून पहिल्या आखाजीला सुमीला आणायला नाना नि मी बैलांच्या दमणीतून गेलो.

ओट्यावर बसताच सुमी पाण्याचा तांब्या घेऊन आली. नानांनी हात जोडले. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आमच्याकडची जुन्या माणसांची रीत. तोंडाला कोरड पडली होती, पण बसले तसेच. बसल्या बसल्या सवयीने हात भिंतीवरच्या पट्टीवर गेला आणि चेहरा पांढरा पडला.

व्याही रंगात येऊन सांगत होते, "पहिले फूज घडी घडी उडे. मांगली खोलीमा चक्की बसाडी ना! आते जाड तांबानी तार घाली दिनी. उडनंच बंद."

दिव्यांच्या बारीक तारेवर चक्की, आणि वर फ्यूजमध्ये तांबं! मी तारेचा माग काढत नजर फिरवली. ती जात होती भाव यायची वाट बघत छतापर्यंत रचलेल्या कापसावरून, आणि त्याच्या पलीकडची खोली सुमीची.

आता नाना कडाडणार, मी पदर सावरून बसले. पण मुलीच्या बापाने व्याह्याच्या घरात खोट काढायची नसते. नंदुरबारात मामलेदाराला ऐकवणारा हा माणूस पट्टीवरचा हातही न काढता बसला होता. मला त्यांची फार दया आली, खरंच सांगते.

मग नाना उठले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी व्याह्यांच्या पायाशी ठेवली. "याही, ती तार काढी टाका. मन्ही पोर त्या खोलीमा झोपस."

व्याही आधी घाबरले, मग दुखावले. "मन्हा घरनं पानी तुम्हले चालत नही, आनि मन्ही तारले हात लावशात?"

सुमी दारात तांब्या घेऊन तशीच उभी. नानांनी तिच्याकडे बघितलं, हात पुढे केला आणि अख्खा तांब्या उभ्याउभ्या रिकामा केला. गळ्यावरून पाणी ओघळलं, तेही पुसलं नाही.

व्याह्यांनी स्वतः टोपी उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि इंजिन बंद करायला सांगितलं. नानांनी तांबं उपटलं, फ्यूजची तार घातली आणि चक्कीला सात-बावीसची वेगळी लाइन टाकायला आखाजीनंतर यायचं कबूल केलं. तोवर चक्की बंद.

परतताना सुमी माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. तार घालताना मी बघत होते आणि मला राहवेना. "नाना, चक्की वेगळी झाली तरी दिव्यांना एवढी बारीक तार पुरायची नाही हो. सारखी उडेल."

नाना सुमीच्या केसांतले कापसाचे पुंजके काढत होते.

"उडू द्या, वहिनी. उडनी म्हंजे याही बलावतीन. बलावणं नही तर बाप पोरना घर कसा जाई?"