हुशार वर्गाचा विस्तार-समारंभ

जगात हुशारीचा तुटवडा कधीच नसतो. ती फक्त शेजाऱ्याच्या घरी थोडी कमी असते, एवढंच.

सोलापुरातल्या एका हायस्कुलाने १९३२ साली हे शास्त्र मनावर घेतलं आणि निवडक मुलांचा ‘हुशार वर्ग’ काढला. उरलेल्यांचा ‘साधा वर्ग’ महादेवप्पा मास्तरांच्या गळ्यात पडला. मास्तर भला माणूस. वर्ग असेल तोवर नोकरी, असा कमिटीचा नियम होता आणि घरी खाणारी तोंडं पुष्कळ होती.

निवड जाहीर होताच पेठ पेटली. “देसायांचं पोर हुशार, आन आमचं काय खुळं हाय व्हय?” म्हणत पालक कमिटीच्या दारात ठाण मांडून बसले. कमिटी समंजस. तिने वर्गाचा विस्तार केला. पहिल्या विस्तारात हुशारांचे सख्खे भाऊ घेतले (रक्ताने हुशार), दुसऱ्यात शेजारपाजारचे (संगतीने हुशार), तिसऱ्यात एकाच इयत्तेत तीनदा बसलेले (अनुभवाने हुशार). साध्या वर्गात अखेर एकच मुलगा उरला. तो मास्तरांचा स्वतःचा, रेवणसिद्ध.

आता मास्तरांनी गप्प बसावं की नाही? पण बापाचं काळीज! चौथ्या विस्तारासाठी त्यांनीच अर्ज केला. “माझंच लेकरू तेवढं साधं ठेवता व्हय?” म्हणत त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. कमिटीनेही पुसले. अर्ज मंजूर झाला. वर्ग रिकामा झाला, आता नोकरीही जाणार, हे मास्तरांच्या लक्षात रात्री भाकरी मोडताना आलं.

चौथ्या विस्ताराचा समारंभ थाटात ठरला. पुण्याहून एक विद्वान आणले, हार घातला, अंगावर सोलापुरी चादर पांघरली (एप्रिल महिना होता). घाम पुसत त्यांनी हुशारीवर तासभर व्याख्यान दिलं. श्रोते सगळे हुशारांचे बाप, तेव्हा कुणालाच शंका आली नाही. शेवटी पाहुणे म्हणाले, “उत्तम! आता साधा वर्ग दाखवा. ताडून पाहिल्याशिवाय मी कौतुक कसं करू?”

साध्या वर्गात तर नुसती बाकं उरली होती. कमिटीचे चेअरमन वीरभद्रप्पा उठले. “मंडळी, गावाच्या अब्रूचा प्रश्न हाय. कुणीतरी आपलं पोर साध्या वर्गात द्या की! एक दिलं तरी बास.”

मास्तरांच्या जिवात जीव आला. एक पोर मिळालं की नोकरी वाचली! ते मोठ्या आशेने लोकांकडे बघू लागले. लोक मांडवाच्या कापडाकडे बघू लागले. जो तो शेजाऱ्याला कोपराने ढोसत होता.

वीरभद्रप्पा शेवटी मास्तरांकडेच वळले. “मास्तर, तुमचंच घाला की माघारी. अब्रू ऱ्हाईल, नोकरीबी ऱ्हाईल.”

मास्तर उभे राहिले. बायको, चूल, घरभाडं, सगळं डोळ्यांपुढून गेलं. हात जोडून म्हणाले, “साहेब, घातलं असतं हो. पन आमचा रेवणसिद्ध मुळातच लई हुशार हाय.”

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पाहुण्यांच्या व्याख्यानालाही एवढ्या पडल्या नव्हत्या. महिनाअखेर मास्तरांची नोकरी गेली.

तुम्हाला हसू आलं असेल. मास्तरांची जागा मात्र अजून राखून ठेवली आहे. एक साधा मुलगा मिळाला की त्यांना परत घेणार आहेत. तुमच्या घरात आहे का एखादा? (राहू द्या. शेजारी चौकशी करतो.)