विपुलचा सावरडो

"काय गाव आहे! सगळं नेरळ पालथं घातलं, एकाही बेकरीत सावरडो ब्रेड नाही!" विपुलने रिकामी पिशवी ओट्यावर आपटली. "आंबट पाव मागितला, तर बेकरीवाला म्हणतो, परवाचा देऊ का?"

"दादर सोडून नेरळला राहायला यायचा हट्ट तुझाच होता," त्याची बायको निशिगंधा म्हणाली. ते खरं होतं, म्हणून तो आणखीच भडकला.

त्यात दादरच्या मित्राने, देवेशने, फोनवर खिजवलं होतं, "तिकडे खाणार काय, वडापाव?" विपुलने तिथल्या तिथे त्याला पुढच्या रविवारच्या नाश्त्याचं आमंत्रण दिलं. "माझ्या हातचा सावरडो खायला ये! तू जन्मात पाहिला नसशील!"

आता नाक कापून घ्यायचं नव्हतं. त्याने सावरडोच्या आंबवणासाठी बरणीत गव्हाचं पीठ भिजवून ठेवलं, रोज खाऊपिऊ घातलं. ते छान फसफसायला लागलं आणि नेमकं दोघांना चार दिवस सासुरवाडीला जावं लागलं. बरणी शेजारच्या गौराबाईंकडे गेली.

"रोज चमचाभर पीठपाणी घाला. जीव आहे त्यात!"

"तुमी बिनघोर जावा. आंबवण काय आमी बघितलं नाय?"

शनिवारी दिवेलागणीला तो परतला, तर बरणी लख्ख धुतलेली आणि आत मूठभर तांदूळ.

"रिकामं भांडं कसं देनार, दादा?" गौराबाई म्हणाल्या.

"अहो, माझं आंबवण कुठाय?"

"लई माजलं व्हतं. आळीत दिलं चमचा चमचा. इरजान कोन एकट्यानं ठेवतं? चमचाभर मी ठिवलं. उरलं ते, आळीतल्या हिरामनचं लगीन हाय ना, त्याच्या हळदीच्या वड्यांच्या पिठात घातलं."

विपुलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती गिळून तो म्हणाला, "मग तुमच्याकडचं ते चमचाभर परत द्या. पावाचं पीठ आत्ताच भिजवायला हवं."

"दिवं लागलं ना! आता आंबट घराभाईर देत नाय. सकाली या."

"पण ते माझंच आहे!"

"तुमचंच हाय, नाय कोन म्हनतं? पन लक्षुमी आमची जाईल."

तो सगळी आळी फिरला. प्रत्येक घरात त्याचं आंबवण सुखाने फसफसत होतं आणि प्रत्येक घरी एकच उत्तर, सकाळी या. जनाआजींनी तर त्याला बघून डब्याला झाकणच लावलं. स्वतःच्याच मालासाठी दारोदार हात पसरायचे आणि वर शकुन-अपशकुन ऐकायचे, हा कुठला न्याय?

सकाळी देवेश दारात उभा राहिला, तेव्हा विपुलचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं. तेवढ्यात मागच्या दाराने गौराबाई परात घेऊन आल्या. लग्नघरचे गरमागरम वडे आणि वालाची उसळ.

देवेशने एक खाल्ला, मग दुसरा, मग बोलणंच सोडलं. शेवटी ढेकर देऊन म्हणाला, "मानलं तुला! हाच का रे तो सावरडो?"

विपुलने तोंड उघडलं. पण तो काही बोलायच्या आत निशिगंधा म्हणाली, "हो, हाच. आणखी वाढू?"

आठवड्याने देवेशचा फोन आला. आवाज संतापाने थरथरत होता.

"काय शहर आहे रे! सगळं दादर पालथं घातलं. सावरडो द्या म्हटलं, की जो तो एक कडक, आंबूस पाव पुढे करतो. वर उसळही देत नाहीत! दिवसाढवळ्या फसवतात रे लोकांना!"