मानाचे चार जॅक

मुलांनो, तुमच्यापैकी कुणीतरी आत्ताच पुढे बसायला मिळावं म्हणून शेजाऱ्याला कोपर मारलं. मी पाहिलं. नाव घेणार नाही. ज्याला समजायचं त्याला समजलं. आता कोपरं आवरा आणि ऐका.

एका जंगलात एक फिरतं घर आलं. घर म्हणजे पत्र्याची एक खोली. तिला दार, खिडकी, आत छोटा पलंग. ही खोली टेम्पोच्या हौद्यात बसवली, की चाललं घर गावाला. एरवी ते जमिनीवर असायचं. चार कोपऱ्यांना चार जॅक होते. त्यांची हँडलं फिरवली की घर वर उठायचं. मग टेम्पो मागे घेत घराखाली घालायचा, जॅक उतरवायचे, आणि घर हौद्यात बसायचं.

दारावर पाटीही होती : ‘चारही जॅक थोडे थोडे, सारखे फिरवा. घर उचलताना आत कुणी थांबू नये.’

पहिली फेरी साळूबाईची होती. साळूबाई म्हणजे जंगलातली म्हातारी सायाळ. तिची लेक कुसळी माळापलीकडच्या रानात दिली होती. कुसळी पहिलटकरीण, आणि दिवस भरत आलेले. मधला माळ नुसता तापलेल्या खडकांचा. साळूबाईचे गुडघे तो चढू देईनात. म्हणून फिरतं घर आलं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद तिलाच झाला. तिने डिंकाचे लाडू वळले, डबा घट्ट बांधला आणि भल्या सकाळी येऊन उभी राहिली.

पाहते तर काय, मांडव!

“हे कशाला?” तिने विचारलं.

“आजी, घर उचलायचंय. असंच कसं उचलणार?” सूत्रसंचालक कोल्हा म्हणाला. “चार जॅक म्हणजे चार मान. पहिला मान गव्याचा. आजोबांपासून चालत आलाय.”

जॅक कालच आले होते. पण गव्याचा मान आजोबांपासूनचा होता.

दुसरा मान अस्वलाचा, तिसरा सांबराचा. चौथा रानडुकराचा, कारण चौथ्या जॅकपाशी दुसरं कुणी उभं राहायला तयार नव्हतं. तिथे चिखल होता.

दारावर एवढे हार चढले की पाटी दिसेनाशी झाली.

“आजी, तुम्ही आत बसा,” कोल्हा म्हणाला. “पहिल्या प्रवासी तुम्ही. रिकामं घर उचललेलं बरं दिसत नाही.”

“मला फक्त पोरीकडे जायचंय रे.”

“तेच तर! बसा.”

साळूबाई आत बसली. खिडकीतून गवा दिसत होता. त्याने हँडल फिरवायला घेतलं, आणि थांबेचना. साळूबाईच्या पलंगाचं एक टोक वर निघालं.

“पुरे की!” ती ओरडली.

“पहिल्या मानाचा कोपरा सगळ्यांत उंच!” गवा धापा टाकत म्हणाला.

टाळ्या झाल्या. मग अस्वल आलं. त्याने गव्याच्या कोपऱ्याकडे एकदा पाहिलं आणि आपला कोपरा त्याच्यापेक्षा बोटभर वर नेला. सांबर म्हणालं, आम्ही काय खालच्या घरचे? त्यानेही हँडल गरगरा फिरवलं. लाडवांचा डबा पलंगावरून घसरला आणि चौथ्या कोपऱ्यात जाऊन आदळला. डब्यामागोमाग साळूबाईही घसरली.

चौथ्या कोपऱ्यात रानडुक्कर हँडल धरून ताटकळत होतं.

“माझा नंबर कधी?” त्याने विचारलं.

“भाषणानंतर,” कोल्हा म्हणाला आणि ‘विकासाची उंची’ या विषयावर बोलू लागला.

घर कुरकुरलं. साळूबाईने खिडकीबाहेर डोकं काढलं.

“अहो गवेदादा, घर कलतंय! तुमचा कोपरा खाली घ्या!”

“मी? आधी अस्वलाला सांगा.”

“अस्वलराव, तुम्ही तरी!”

“घेतो की. सांबराने घेतला की लगेच घेतो.”

“सांबरभाऊ!”

“आजी, एवढ्या लोकांसमोर खाली?” सांबर रडवेलं झालं. “घरी तोंड कसं दाखवू?”

“मी वर घेऊ का हो?” डुकराने विचारलं.

“मध्ये बोलू नका,” कोल्हा म्हणाला. “भाषण चालू आहे.”

साळूबाईने मग कुणाला काही विचारलं नाही. डबा पोटाशी धरला आणि हारांच्या गर्दीतून दाराबाहेर उडी टाकली. ती चिखलात पडली. रानडुकराने हँडल सोडून तिला ओढून बाजूला घेतलं. त्याच क्षणी घर धाडकन चौथ्या कोपऱ्यावर कोसळलं आणि त्याचा चपटा डबा झाला.

तिथल्या तिथे चौकशी समिती बसली. समितीत गवा, अस्वल आणि सांबर होते. त्यांनी एकमताने निर्णय दिला : तीन कोपरे व्यवस्थित वर होते, घर पडलं ते खाली राहिलेल्या कोपऱ्यामुळे. रानडुकराचा मान काढून घेण्यात आला.

“चला आजी,” डुक्कर म्हणालं. “मला आता काही काम उरलेलं नाही. मी सोडतो.”

तापलेल्या माळावरून दोघं निघाली. साळूबाई चार पावलं टाकायची आणि बसायची. डबा डुकराच्या पाठीवर होता. गुडघ्यांना शिव्या देत, खडकांना शिव्या देत ती एकदाची कुसळीच्या बिळाशी पोचली. आत पिल्लू जन्माला येऊन, डोळे उघडून, आईला चिकटलं होतं.

“आई,” कुसळी म्हणाली, “मी सारखी दाराकडे बघत होते गं.”

साळूबाईने डबा उघडला. लाडवांचा पार भुगा झाला होता. तिने त्यातली चिमूट लेकीच्या तोंडात घातली आणि मग, रडून झाल्यावर, सगळी हकीकत सांगितली. शेवटी तिने तात्पर्यही सांगितलं.

तात्पर्य : चारही कोपरे सारखे उचलले तर घर वर जातं, पण कुणाचंच नाव होत नाही. म्हणून शहाण्याने आपला कोपरा सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांच्या वर न्यावा. घर पडलंच, तर ज्याला उचलू दिलं नाही त्याच्याकडे बोट दाखवावं.

जावई हे सगळं मान खाली घालून, फार गंभीरपणे ऐकत होता. बराच विचार करून तो म्हणाला, “सासूबाई, पुढचं घर येईल तेव्हा पाचव्या जॅकसाठी आमच्या रानाचं नाव सुचवाल का?”